पंचाहत्तर मीटरच्या पलीकडे

दारूच्या दुकानाविरुद्ध एखादी वस्ती उठते तेव्हा सर्वांत आधी हाती येते ती मोजणीची फीत. मशिदीच्या दारापासून दुकानापर्यंत किती अंतर? शाळेच्या फाटकापासून किती? आकडा ठरलेल्या मर्यादेच्या आत आला तर अर्जाला बळ येते. बाहेर गेला तर अर्ज लंगडा पडतो आणि पुष्कळदा वस्तीचा उत्साहही तेथेच मावळतो. दुकान चार गल्ल्या पलीकडे हलले की आपण सुटकेचा श्वास सोडतो आणि म्हणतो, अल्हम्दुलिल्लाह, मशिदीची विटंबना टळली.

मशिदीची आदब राखली गेली याचा आनंद रास्तच आहे. पण येथे एक प्रश्न उरतो आणि तो टाळून पुढे जाणे ईमानवंताला शोभत नाही. कायद्याने आखलेले अंतर आणि धर्माने आखलेले अंतर एकच आहे काय? मशीद दारूपासून लांब गेली म्हणजे मुसलमानाचे कर्तव्य पूर्ण झाले काय?

कायद्याची रेषा

महाराष्ट्रात दारूचा सर्व व्यवहार ज्या कायद्याखाली चालतो त्याचे मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ असे आहे. नाव बंदीचे आणि काम परवाने देण्याचे, हा विरोधाभास आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की आता तो खटकतही नाही. भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. दारूचा धंदा करणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. म्हणजे परवाना ही राज्याने दिलेली सवलत आहे, आणि सवलत देणारा तिला अटी घालू शकतो.

त्या अटींपैकी एक अंतराची. महानगरपालिकेच्या हद्दीत शाळा-महाविद्यालये, प्रार्थनास्थळे आणि एस. टी. स्थानक यांपासून ७५ मीटरच्या आत, तर ग्रामीण भागात १०० मीटरच्या आत नवे दुकान असू नये, असा नियमांचा आशय आहे. प्रार्थनास्थळांत मंदिर, मठ, मशीद, चर्च, अग्यारी असे सर्वांचे स्थान मान्य केलेले आहे. अंतर सरळ रेषेत धरले जात नाही. पायी जाणारा माणूस नेहमी ज्या वाटेने जाईल त्या वाटेने ते मोजायचे असते.

ही यादी पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. तिच्यात शाळा आहे, मंदिर-मशीद आहे, एस. टी. स्थानकही आहे. नाही ते घर. ज्या घरात दारू पिऊन माणूस परततो, जेथे त्याची पत्नी दाराकडे कान लावून बसलेली असते आणि मुले झोपेचे सोंग घेऊन पडलेली असतात, त्या घरापासून दुकान किती लांब असावे याविषयी ही यादी मौन पाळते. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील गाळ्यात नवे बिअर अथवा दारूचे दुकान सुरू करण्यापूर्वी सोसायटीचा ना-हरकत दाखला लागेल. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु जिला नोंदणीकृत सोसायटी आहे त्या इमारतीलाच हा दाखला अडवता येईल. पत्र्याच्या घरांच्या रांगेला सोसायटी नसते, आणि दारूची सर्वाधिक झळ सोसणाऱ्या वस्तीकडे नकार देण्याचे कागदही नसतात.

कुरआनचे अंतर

आता कुरआनकडे वळू. दारूविषयीची आज्ञा एका दिवसात उतरली नाही. सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत आधी माणसाच्या बुद्धीला हाक दिली गेली: दारू आणि जुगार यांत लोकांना काही लाभ दिसतो खरा, पण त्यातले पाप लाभापेक्षा मोठे आहे. सूरह अन-निसाच्या ४३ व्या आयतीत नशेच्या अवस्थेत नमाजच्या जवळ जाण्यास मनाई झाली. शेवटी सूरह अल-माइदाच्या ९० व्या आणि ९१ व्या आयतींत अंतिम निर्णय आला. दारूला सैतानी कर्मांतील घाण म्हटले गेले, तिच्यापासून दूर राहण्याची आज्ञा झाली आणि कारणही सांगितले गेले: सैतान तिच्याद्वारे माणसामाणसांत वैर व द्वेष पेरू पाहतो आणि त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू पाहतो.

या क्रमात दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, अंतिम आज्ञेसाठी आलेला शब्द ‘इज्तिनाब’ या धातुकुळातील आहे. त्याचा अर्थ बाजूला होणे, अंतर राखून राहणे. केवळ पिऊ नका एवढ्यावर आज्ञा थांबत नाही. तिच्यापासून अंग काढून घ्या, असे ती सांगते. म्हणजे अंतराची कल्पना शरीअतमध्येही आहे. फरक इतकाच की कायदा दुकानाचे मशिदीपासूनचे अंतर मोजतो, तर कुरआन माणसाचे दारूपासूनचे अंतर मोजतो. दुकान ७६ व्या मीटरवर असले तरी माणसासाठी ते तेवढेच निषिद्ध राहते.

दुसरी गोष्ट कारणांची. वैर आणि द्वेष यांचा उल्लेख नमाजच्या आधी आला आहे. घर मोडणे, शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाणे, भावाने भावावर हात उगारणे ही हानी कुरआनने प्रथम सांगितली. तेव्हा जी व्यवस्था नमाजच्या जागेला जपते आणि नात्यांच्या जागेला उघडे सोडते, ती या आयतीच्या अर्ध्याच भागाला पुरेशी ठरते.

मनाईची घोषणा झाली त्या दिवसाचे वर्णन हजरत अनस (रजि.) यांनी केले आहे. ते अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी लोकांना पेय वाढत होते. बाहेर दवंडी ऐकू आली आणि लोकांनी भांडी तेथेच रिकामी केली. मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. कोणाच्या घरापासून मशीद किती लांब आहे, असा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नाही.

शनिवारवाले आणि भुलभुलैया

जेथे केवळ अंतरच पाळायचे असते, तेथे माणूस अंतरालाच चकवा देतो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्ते अपघातांत जाणारे जीव पाहून राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या स्थानिक संस्थांसाठी ही मर्यादा २२० मीटरवर आली. पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या शिरोली-कागलवरून जातो, त्यामुळे कोल्हापूरकरांसाठी ही बातमी दूरची नव्हती.

त्यानंतर काय झाले? चंडीगढमध्ये शहरातील राज्य महामार्गांना जिल्हा रस्त्यांचा दर्जा देण्यात आला. रस्ता तोच, मद्यालये तीच, बदलले फक्त कागदावरचे नाव. केरळमधील एका बारमालकाने तर दारापुढे भिंती उभारून नागमोडी वाट तयार केली, म्हणजे ग्राहकाला आत पोहोचण्यासाठी अधिक चालावे लागेल आणि मोजणीत अंतर पुरेसे भरेल. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. शहरांतील गजबज पूर्ववत झाली.

कुरआनच्या वाचकाला येथे सूरह अल-आराफमधील शनिवारवाल्यांची आठवण व्हावी. समुद्रकाठच्या त्या लोकांना शनिवारी मासेमारी निषिद्ध होती. मासे नेमके त्याच दिवशी वर येत. भाष्यकार सांगतात की त्यांनी आदल्या दिवशी जाळी लावून ठेवण्याची व दुसऱ्या दिवशी मासे उचलण्याची युक्ती काढली. आज्ञेचे अक्षर त्यांनी सांभाळले आणि तिचा प्राण घेतला. आपण बारमालकाच्या भिंतींना हसतो. पण त्या कथेत आणखी एक गट आहे. या लोकांना समज देऊन काय उपयोग, असे म्हणणारा. त्याला उत्तर देणाऱ्यांनी सांगितले की, आपल्या पालनकर्त्यापुढे आपली जबाबदारी पार पाडल्याचे सांगता यावे म्हणून आम्ही बोलतो, आणि कदाचित हे लोक सावधही होतील. मशिदीपासून दुकान हलले की गप्प बसणाऱ्याने आपण या कथेत कोठे उभे आहोत हे स्वतःला विचारावे.

एक गंभीर आक्षेप

येथे एक विचारी वाचक म्हणेल: दारू मुळातच हराम आहे, तर तिच्या दुकानासाठी जागा ठरवणाऱ्या नियमाला मुसलमानाने पाठिंबा का द्यावा? येथे नको म्हणणे म्हणजे तेथे चालेल म्हणणे होत नाही काय? आक्षेप खरा आहे. परंतु फिकहच्या परंपरेत त्याचे उत्तरही आहे. दोन हानींपैकी एक अटळ असेल तेव्हा लहान हानी पत्करून मोठी टाळावी, हा मान्यताप्राप्त नियम आहे. ज्या राज्यात संपूर्ण बंदी आणणे आपल्या हाती नाही, तेथे दारूची वाट जितकी लांब आणि अडचणीची करता येईल तितकी करणे म्हणजे दारूला मान्यता देणे नव्हे. अनर्थाकडे नेणारी साधने रोखावीत, हे ‘सद्दे जराइअ’चे तत्त्वही हेच सांगते. खुद्द कुरआनचा क्रम टप्प्याटप्प्याचा होता. अट एकच: टप्प्याला मुक्काम समजू नये.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. कोल्हापूर हे सर्वांचे शहर आहे. ज्यांच्या धर्मात दारू निषिद्ध नाही त्यांच्यावर आपली बंधने का लादावीत? याचेही उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. हनफी फकीहांनी मुस्लिम राज्यातही बिगरमुस्लिम प्रजेची दारू नष्ट करणाऱ्या मुसलमानावर भरपाईची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे दुसऱ्याच्या दुकानावर दगड उचलण्याचा अधिकार शरीअतने कोणाला दिलेला नाही. आपला मार्ग अर्जाचा, समजावण्याचा आणि मतदानाचा आहे. पण शेजाऱ्याला हानी पोहोचू नये ही मागणी एका धर्माची नाही. नुकसान करू नये आणि नुकसानीला नुकसानीने उत्तर देऊ नये, ही पैगंबर (स.) यांची शिकवण ज्या भाषेत मांडली जाते ती भाषा प्रत्येक घराला कळते. दारूच्या दुकानापुढे उभ्या राहणाऱ्या बायांमध्ये कोणाच्या कपाळावर कुंकू असते आणि कोणाच्या डोक्यावर ओढणी, आणि त्यांचे दुःख वेगळे नसते.

तिसरा आक्षेप महसुलाचा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा सांगितली गेली. या पैशातून रस्ते होतात, योजना चालतात, हे खरेच. कुरआनने लाभ नाकारलेला नाही. त्याने तराजू हाती देऊन दुसऱ्या पारड्याकडे पाहण्यास सांगितले आहे. जो पैसा फौंड्रीतल्या कामगाराच्या पगारातून आणि यंत्रमागावरच्या हप्त्याच्या मजुरीतून येतो, तो तिजोरीत पोहोचण्यापूर्वी कोणाच्या चुलीवरून उचलला गेला, हे त्या दुसऱ्या पारड्यात पडते.

गाळा कोणाचा?

इतरांना प्रश्न विचारण्यापूर्वी एक प्रश्न आपल्याच घरात विचारला पाहिजे. परवान्यासाठी जागा लागते आणि जागेला मालक असतो. दारूचा परवानाधारक चांगले भाडे देतो, आगाऊ देतो, वेळेवर देतो. मी पीत नाही, विकत नाही, माझा गाळा फक्त भाड्याने दिला आहे, असे म्हणणारा मालक मुसलमान असेल तर?

हा प्रश्न नवा नाही. मरगीनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’त त्याची चर्चा आहे. दारूविक्रीसाठी घर भाड्याने देण्याबाबत इमाम अबू हनीफा (रह.) यांनी कूफ्याच्या आसपासच्या ग्रामीण भागापुरती सवलत मानली, कारण करार जागेचा आहे आणि पाप ते करणाऱ्याच्या स्वतंत्र इच्छेने घडते. त्यांचे दोन्ही थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.), यांना ही सवलत मान्य नव्हती, ते पापाला केलेले सहाय्य आहे असे त्यांचे मत होते. सवलतीतही स्थळाची मर्यादा होती, ती विसरू नये: त्या भागातील बहुसंख्य रहिवासी बिगरमुस्लिम होते, आणि जेथे इस्लामची चिन्हे प्रकट आहेत तेथे ती लागू नाही, असे नंतरच्या फकीहांनी नोंदवले. ज्याला या मतभेदात आपल्या भाड्यासाठी आडोसा शोधायचा असेल त्याने हेही लक्षात ठेवावे की, हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये दारूच्या संदर्भात दहा जणांवर शाप सांगितला आहे. त्यांत पिणारा एकच. उरलेले नऊ जण ती तयार करणारे, वाहणारे, विकणारे, तिची किंमत खाणारे असे आहेत. भाडे त्या किमतीतूनच येते.

हलाल आणि हराम यांच्यामध्ये संशयाचा पट्टा आहे, आणि राखीव कुरणाच्या कडेला गुरे चारणाऱ्याची गुरे कधीतरी आत शिरतातच, असा दृष्टान्त पैगंबर (स.) यांनी दिला आहे. गाळ्याचा मालक त्या कडेवर उभा आहे. मशिदीत पहिल्या रांगेत बसणाऱ्याचा गाळा मशिदीपासून ८० मीटरवर असू शकतो. नियम त्याला काही विचारणार नाही. विचारणारा वेगळा आहे.

शहर कशाला जवळ करते

एखादे शहर कोणत्या गोष्टीला कोठे जागा देते, यावरून त्याचे मन कळते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची स्थापना केली. ती दसरा चौकासारख्या शहराच्या मानाच्या ठिकाणी आहे. गरिबाच्या पोराचे शिक्षण राजाला गावाबाहेर ढकलण्याची गोष्ट वाटली नाही. त्याने ते शहराच्या मध्यभागी आणून बसवले. या वारशाचे वारस म्हणवून घेणाऱ्या नगरात, ज्या वस्तीत अभ्यासिका नाही, वाचनालय नाही, तेथे दारूचे दुकान मात्र हाकेच्या अंतरावर असेल, तर आपण कशाला जवळ केले आणि कशाला दूर?

मशिदीजवळून हटलेले दुकान हवेत विरून जात नाही. ते जेथे हरकत घेणारे कमी असतात तेथे जाते. जेथे ट्रस्ट नाही, वकील नाही, वर्तमानपत्रात ओळख नाही, तेथे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो ईमानवंत नाही, ही पैगंबरवाणी आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. आपली बला शेजारच्या मजूरवस्तीकडे सरकवणे हाही एक उपद्रवच आहे, आणि त्या वस्तीत कोणत्या धर्माची माणसे राहतात याने त्यात फरक पडत नाही.

मताची अमानत

यावर एक उपाय कायद्यानेच दिला आहे आणि तो मीटरवर अवलंबून नाही. राज्य शासनाच्या २५ मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. आडवी म्हणजे बंद.

या मतदानातील एक अट प्रत्येक मुस्लिम घरात सांगितली गेली पाहिजे. निर्णय केवळ झालेल्या मतांच्या बहुमताने होत नाही. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. म्हणजे जी त्या दिवशी घरी राहिली तिची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. आपल्या घरातील स्त्रियांना, गर्दीत कशाला जायचे, इतर बायका आहेत की, असे म्हणून घरी ठेवणाऱ्याने हा हिशेब समजून घ्यावा. साक्ष लपवण्यास कुरआनने मनाई केली आहे, आणि असे मत ही एक साक्षच आहे. जमातीने मोहल्ल्यातील महिलांची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत हे पाहावे, सहीच्या अर्जासोबत शेजारच्या वस्तीतही जावे आणि तेथील भगिनींच्या अर्जावर आपल्या सह्या द्याव्यात. दुकान आपल्या मशिदीपासून लांब आहे हे तेव्हा न जाण्याचे कारण होऊ नये.

मोजणीची फीत टाकून देण्याचे कारण नाही. ती उपयोगी आहे. नियम मोडला जात असेल तर तिने तो दाखवून द्यावा. पण ती अधिकाऱ्यापुढे ठेवायची वस्तू आहे. अल्लाहपुढे जे अंतर मोजले जाईल ते आपल्या कमाईचे दारूपासूनचे आणि आपल्या संवेदनेचे शेजाऱ्याच्या दुःखापासूनचे असेल. पहिले जितके जास्त तितके बरे. दुसरे जितके कमी तितके बरे.

अल्लाह आपल्या घरांना आणि आपल्या शेजाऱ्यांच्या घरांना या अनर्थापासून सुरक्षित ठेवो, आपली कमाई शुद्ध ठेवो आणि सत्याची साक्ष देण्याचे धैर्य आपल्या पुरुषांना व स्त्रियांना देवो. आमीन.